हाताने वस्तरा घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घडीचा, मुठीत बंद होणारा वस्तरा स्वतःच्या हाताने बनवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. थोडीफार कानस चालवता येते, चाकू एखादा बनवून झालाय, असं धरून चाललो आहे. ज्या प्रश्नांवर वस्तरा तरतो किंवा बुडतो त्यांची उत्तरं लांब आहेत, बाकीची दोन-चार ओळींत.

चाकू बनवता येतो. मग वस्तरा जमेलच ना?

हत्यारं तीच, पोलाद बरंचसं तेच, पण विचार वेगळा. चाकूला धार लावताना सहाणेवर कोन आपण हाताने धरतो. थोडा चुकला तरी पुढच्या वेळी सुधारता येतो. वस्तरा मात्र सहाणेवर सपाट झोपतो. त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. तो कोन तुम्ही पातं घासतानाच कायमचा बांधून टाकलेला असतो. पाठ एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाली, किंवा पातं किंचित पिळलं, की धार लावताना ते लपत नाही.

म्हणून या कामात मी एकच गोष्ट डोक्यात ठेवायला सांगतो: पाठ आणि धार ही जोडी आहे. कोणतंही काम करण्याआधी, मग ते पाणी देणं (पातं लाल तापवून तेलात बुडवून कडक करणं) असो की पॉलिश, या जोडीचं काय होणार ते बघा.

पाठ किती जाड आणि पातं किती रुंद ठेवायचं?

धारेचा एकूण कोन साधारण १६ ते १८ अंश यायला हवा. १५च्या खाली गेलात तर धार चिरते, बारीक दाते पडतात. २०च्या वर गेलात तर दाढी होते, पण केस ओढला जातो.

हिशोब सोपा आहे. धारेपासून पाठ जिथे दगडाला टेकते तिथपर्यंतचं अंतर मोजा. ते अंतर पाठीच्या जाडीच्या ३.२ ते ३.६ पट असलं की कोन १६ ते १८ अंशांत बसतो. समजा हे अंतर २० मिमी आहे. मग पाठ साधारण ५.६ ते ६.२ मिमी हवी. अंतर १६ मिमी असेल तर ४.५ ते ५ मिमी पुरते. नवशिक्यांची नेहमीची गफलत म्हणजे पात्याची पूर्ण उंची मोजणं. पाठीचा माथा गोल असतो, दगड त्याला वर टेकत नाही, बाजूला टेकतो. मोजायचं ते धारेपासून तिथपर्यंत.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी दिल्यानंतरच्या घासणीत आणि पॉलिशमध्ये पाठ थोडी झिजतेच. तेवढा हात राखून सुरुवातीला पाठ दोन-तीन दशांश मिमी जाड ठेवा. जाड पाठ नंतर उतरवता येते. पातळ झालेल्या पाठीवर एकच उपाय उरतो, पातं अरुंद करणं, आणि मग मनातला वस्तरा वेगळा आणि हातातला वेगळा.

रुंदी जुन्या पद्धतीने इंचाच्या आठव्या भागांत सांगतात: पाच-अष्टमांश म्हणजे सुमारे १६ मिमी, सहा-अष्टमांश १९, सात-अष्टमांश २२. पहिल्या वस्तऱ्याला सहा-अष्टमांश घ्या. नाकाखाली वळतो, आणि घासताना चूक पोटात घालण्याइतकं अंगही त्याला असतं.

सुरुवातीला कोणतं पोलाद घ्यावं?

१०८४. यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतो, भट्टीत ते फार नखरे करत नाही आणि कोमट खाद्यतेलात नीट कडक होतं. ज्याच्याकडे तापमान धरून ठेवणारी इलेक्ट्रिक भट्टी आहे त्याने ओ-१ घ्यावं. त्यात थोडं मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन असल्याने ते तेलात निवांत कडक होतं. मात्र योग्य तापमानावर त्याला दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं लागतं, त्याशिवाय त्याचं खरं बळ बाहेर येत नाही.

१०९५ आणि डब्ल्यू-२ यांची धार देखणी येते. पण १०९५ला पहिल्या टप्प्यात सेकंदाच्या आत झपाट्याने थंड करावं लागतं, नाहीतर आत मऊ रचना तयार होते. त्यासाठी शीघ्र थंड करणारं खास तेल लागतं. ५२१०० हे मुळात बेअरिंगचं पोलाद, सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचं. वस्तऱ्याला उत्तम, पण तापमानाच्या बाबतीत हट्टी. गंजाची चिडच असेल तर एईबी-एल हे स्टेनलेस आहे. ते दाढीच्या पात्यांसाठीच तयार झालं, म्हणून त्याचे कण बारीक असतात. फक्त त्याला हजाराच्या वरचं तापमान लागतं, आणि ते गॅसच्या भट्टीत अंदाजाने करण्याचं काम नव्हे.

हा पोलादाचा शोध जुना आहे. मायकेल फॅरडे यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स स्टोडार्ट या हत्यारं घडवणाऱ्या कारागिरासोबत पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले होते, आणि त्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. विजेवर काम करणाऱ्या त्या माणसाला पोलाद पारखायला वस्तरा हाताशी घ्यावासा वाटला, हे मला फार आवडतं.

जुनी कानस, बेअरिंग किंवा गाडीच्या कमानीचा पाटा चालेल का?

पाटा नको. त्यात कार्बन सहा दशांश टक्क्याच्या आसपास असतो. सुऱ्याला, कोयत्याला छान, वस्तऱ्याच्या धारेला कमी. चांगली जुनी कानस चालते, पण काही कानशी फक्त वरवर कडक केलेल्या असतात आणि आत मऊ लोखंड असतं. एक तुकडा तापवून, तेलात बुडवून, मोडून बघा. मोडलेल्या जागी कण बारीक, राखाडी, मखमलीसारखे दिसले तर पुढे जा. कानशीचे दातेही पूर्ण घासून काढायला हवेत, राहिलेल्या एखाद्या दात्याच्या तळातून पाणी देताना चीर जाते.

माझं मत विचाराल तर पहिल्या वस्तऱ्याला ओळखीचं, नावानिशी विकत घेतलेलं पोलादच वापरा. पुढे काही बिघडलं तर निदान पोलादावर संशय राहणार नाही.

घडवायचा की पट्टीतून कापायचा?

दोन्हीने चांगला वस्तरा होतो. ६ ते ६.५ मिमी जाडीची सपाट पट्टी कापून, घासून आकार देणं सोपं. ऐरणीवर घडवलं की शेपटीचा, म्हणजे पात्यामागच्या धरायच्या टोकाचा, बाक आणि मानेचा निमुळतेपणा हातोड्यानेच येतो, पोलाद वाया जात नाही. पण घडवलेलं पातं नंतर नॉर्मलाइझ केल्याशिवाय पुढे नेऊ नका: लाल तापवायचं, हवेत काळं पडेपर्यंत निवू द्यायचं, आणि दर खेपेला थोडं कमी तापवत असं तीनदा करायचं. जास्त तापून मोठे झालेले कण त्याने पुन्हा बारीक होतात.

मानेतलं, म्हणजे पातं आणि शेपूट यांच्या मधल्या भागातलं, रिवेटचं भोक पाणी देण्याआधी पाडा. नंतर साधं ड्रिल त्यात शिरणार नाही.

पोकळ घासायचं म्हणजे नेमकं किती पोकळ?

पात्याच्या दोन्ही बाजू चाकावर घासून आत वळवतात, ती पोकळी. चाक जितकं लहान तितकी पोकळी खोल. शब्दांत हे नीट कळत नाही म्हणून आकड्यांत सांगतो. धारेपासून वर १५ मिमीचा पट्टा पोकळ करायचा आहे असं धरा. २०० मिमी व्यासाच्या चाकावर पोकळीची सर्वांत जास्त खोली सुमारे ०.२८ मिमी येते. ७५ मिमीच्या चाकावर ती ०.७५ मिमी होते. फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही.

पण आता पात्याकडे बघा. ५.६ मिमी पाठ, २० मिमी रुंदी. सरळ पाचरीसारखं पातं असेल तर धारेपासून साडेसात मिमीवर त्याची जाडी २.१ मिमी असते. मोठ्या चाकाने दोन्ही बाजूंनी पोकळ केल्यावर तिथे १.५ मिमीच्या वर उरते. लहान चाकाने केल्यावर जेमतेम ०.६. पहिला वस्तरा जड आणि स्थिर, राठ दाढीवर न डगमगणारा. दुसरा हलका, आणि दाढी करताना बारीक करकर असा आवाज देणारा. तो आवाज ऐकून आपण कुठे किती केस राहिले ते ओळखतो.

जुने इंग्लिश वस्तरे, शेफील्डचे, बरेचसे पहिल्या जातीचे. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी दुसरी जात कळसाला नेली. झोलिंगेन हे नाव पात्यावर कोणी घालायचं यावर तिथे १९३८ साली कायदाच झाला, इतकी त्या घासणीला पत होती.

पहिला वस्तरा मोठ्या चाकावरच करा. पातळ, गाणारं पातं करण्याची घाई अनेक चांगल्या पट्ट्या खाऊन टाकते.

बेल्ट ग्राइंडर नाही. नुसत्या कानशीने होईल?

होईल, आणि हात तयार करायला यासारखी तालीम नाही. कानशीने सपाट पाचरीसारखं पातं नीट काढता येतं. अडचण एवढीच की पूर्ण सपाट पात्याची सगळी बाजूच सहाणेवर टेकते, आणि धार लावायला तासन्‌तास जातात. उपाय आहे. लोखंडी पाइपला खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळा, पाइप पात्याच्या लांबीला समांतर धरा आणि पाठ व धार यांच्या मधला भाग घासत न्या. अर्ध्या मिलिमीटरचीही पोकळी लागत नाही. मधला भाग दगडापासून सुटला की झालं.

मोजमापासाठी एक सवय लावून घ्या. पात्याच्या काठावर शाईचा निळा किंवा काळा थर द्या आणि कॅलिपरच्या टोकाने बरोबर मध्यावर दोन समांतर रेघा ओढा. घासताना दोन्ही बाजूंनी त्या रेघांपर्यंतच यायचं. डोळ्याच्या अंदाजावर विसंबलात तर धार मध्य सोडून एका अंगाला जाते.

पाणी देण्याआधी धार किती जाड ठेवायची?

मोठ्या चाकाच्या घासणीला ०.५ ते ०.८ मिमी. त्याहून पातळ काठ भट्टीत आधी तापतो, तेलात आधी निवतो, आणि लाटेसारखा वेडावाकडा होतो. शिवाय वरच्या थरातला थोडा कार्बन भट्टीत जळून जातो. तो थर नंतर घासून काढायला अंगात मांस हवं. काठावर खरखरीत ओरखडे ठेवू नका, निदान २२० नंबरच्या पेपरचा हात फिरवा आणि कोपरे मोडून घ्या. चीर नेहमी ओरखड्यातूनच निघते.

पाणी कसं द्यायचं?

१०८४ धरून सांगतो. तापमान हवं सुमारे ८१५ अंश सेल्सिअस. ज्यांच्याकडे तापमान दाखवणारी भट्टी नाही ते चुंबक वापरतात. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला धरायचं सोडतं. पण तिथे थांबायचं नसतं, अजून थोडं वर जायचं असतं. किती थोडं, हे कळायला साधं मीठ उपयोगी पडतं. ते ८०१ अंशांना वितळतं. त्याच पोलादाच्या फालतू तुकड्यावर चिमूटभर मीठ टाकून तापवा, मीठ पाणी झालं त्या क्षणीचा लाल रंग डोळ्यांत भरून घ्या. हे अंधाऱ्या खोलीत करा. उजेडात रंग फसवतो. मीठ खऱ्या पात्यावर टाकू नका, ते गंज घेऊन येतं.

रंग सगळीकडे सारखा हवा. पाठ जाड असते म्हणून ती मागे राहते, आणि धार मात्र पिवळट व्हायला लागते. मग आच कमी करा, पातं आत-बाहेर हलवत ठेवा, पाठ आचेकडे करा. पाठ आणि धार एका रंगावर आली की तिथेच थोडा वेळ धरा.

तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं असावं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याभोवती वाफेचा थर टिकू देत नाही. पातं टोकाकडून सरळ खाली उतरवा, एका झटक्यात, मानेपर्यंत. आत गेल्यावर वर-खाली किंवा पाठीच्या रेषेत पुढे-मागे हलवा. डावीकडे-उजवीकडे कधीही नाही, एका बाजूचं तेल आधी गार करतं आणि पातं त्या बाजूला वळतं.

बाहेर काढल्यावर पातं गार होऊ द्या आणि कानशीचा कोपरा धारेवरून हलकेच फिरवा. काचेवरून घसरावी तशी कानस घसरली तर काम झालं. चावली तर आधी थोडं घासून पुन्हा बघा, वरचा कार्बन जळालेला थरच मऊ लागत असेल. तरीही चावली तर पुन्हा नॉर्मलाइझ, पुन्हा पाणी.

पातं वाकलं तर?

तेलातून काढल्यावर पातं हाताला चटका देण्याइतकं गरम असताना काही सेकंदं ते ऐकतं. जाड हातमोज्यांनी किंवा व्हाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून तेव्हाच सरळ करा. गार झाल्यावर जबरदस्ती केलीत तर ते काडकन मोडतं. उरलेला बाक टेम्परिंगच्या, म्हणजे कडक पातं मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करण्याच्या, वेळी काढता येतो: जाड सपाट पट्टीवर पातं बांधायचं, बाकाच्या उलट बाजूला नाणंभर जाडीची पाचर सारायची, आणि तसंच ओव्हनमध्ये ठेवायचं.

थोडा बाक नंतर घासून काढू म्हणू नका. चाकूत ते खपतं. वस्तऱ्यात एका बाजूची पाठ जास्त घासली जाते आणि धार मध्यावरून सरकते.

टेम्परिंग किती?

१७५ ते २०५ अंशांच्या दरम्यान, दोन-दोन तास, दोनदा, मध्ये पूर्ण गार करून. रॉकवेल कडकपणा ६० ते ६३च्या आसपास येतो. घरगुती ओव्हनवर विश्वास ठेवायचा असेल तर आत वेगळा थर्मामीटर ठेवा, ओव्हनचं तापमान वीस-तीस अंश इकडेतिकडे डुलत असतं. वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये पातं पुरलं तर ती डुलणी कमी लागते. पाणी देऊन झाल्यावर टेम्परिंग उद्यावर ढकलू नका. न टेम्पर केलेलं पातं टेबलावर पडल्यापडल्याही चिरू शकतं.

केस तर इतका मऊ. मग पोलादाची एवढी काळजी कशाला?

याचं सुंदर उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दिलं. दाढी करताना पात्याला काय होतं ते त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरीही तो धारेचा टवका काढू शकतो. मात्र त्यासाठी काही गोष्टी जुळाव्या लागतात: केस धारेला सरळ न भेटता वाकून भेटावा, आणि तो धारेच्या अशा जागी भेटावा जिथे पोलादाची आतली रचना एकसारखी नाही, कुठे कडक तर कुठे मऊ आहे.

म्हणजे नॉर्मलाइझ करणं, सारखा रंग आणणं, दोनदा टेम्पर करणं हे सगळं एकसारख्या रचनेसाठी आहे. आणि दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवायची जुनी रीत आहे ना, तीही पात्याच्या भल्याचीच.

पाणी दिल्यावर घासताना धार निळी पडली. वाया गेलं का?

तेवढी जागा गेली. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या जवळ पोचलं आणि तिथला कडकपणा उतरला. निळेपणा पॉलिशने निघतो, मऊपणा राहतो. रंग काठापुरताच असेल तर तेवढी रुंदी उतरवून टाका आणि पाठीची जाडीही त्या प्रमाणात कमी करा.

पुढे असं होऊ नये म्हणून नवा करकरीत बेल्ट, कमी वेग, आणि उघडी बोटं. हातमोजे घालू नका, पातं किती तापलं हे बोटांनीच कळतं. दर फेरीनंतर पाण्यात बुडवा. पात्यावरचा पाण्याचा थेंब चाकावर असताना सुकायला लागला की उचला. काठ पातळ होत गेला की घासणीचा आवाज बदलतो, जाड घरघरीतून बारीक, टणत्कारासारखा होतो. तिथून पुढे हात हलका. शेवटी धारेच्या मागची जाडी ०.१ ते ०.२ मिमीवर आली की थांबा, उरलेलं काम सहाणेचं.

टोक कसं ठेवू?

गोल. चौकोनी टोकाने मिशीची आणि कल्ल्यांची रेघ फार नेमकी निघते, पण कानाची पाळीही निघू शकते. हात बसल्यावर चौकोनी, फ्रेंच, हवं ते.

पाठीवर नक्षी काढायची आहे.

माथ्यावर काढा, बाजूंना नको. पाठीच्या बाजू दगडावर टेकतात. तिथे खाचा पडल्या की दर धारेला त्या झिजणार, आणि कुठे जास्त कुठे कमी झिजून कोन बिघडणार. शेपटीवर आणि मानेच्या खालच्या अंगावर मनसोक्त काढा. मानेखाली आडव्या खाचा असल्या तर ओल्या बोटांना पकडही मिळते.

दमास्कस पोलादाचा वस्तरा कसा?

दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर जोडून नक्षी उमटवलेलं पोलाद. दिसायला अप्रतिम. धार कशी येईल हे त्यातल्या दोन पोलादांवर आणि त्यांच्या जोडावर आहे. दोन्ही पोलादं कडक होणारी हवीत. जोडात एक जरी पोकळ रेघ राहिली तर ती धारेवर उघडी पडते. ज्याला हा खेळ खेळायचाच आहे त्याने धारेसाठी मध्ये एकजिनसी पोलादाचा थर ठेवावा आणि बाजूंना नक्षीचं पोलाद घ्यावं.

मूठ कशाची करावी?

शिंग, हाड, घट्ट लाकूड, मायकार्टा (राळेत दाबलेले कापडाचे थर), जी-१० (तसेच काचतंतूंचे थर). म्हशीचं शिंग काम करायला प्रेमळ असतं, गरम करून सपाट करता येतं आणि चांगलं चमकतं. फक्त ओलसर हवेत ते हळूहळू वळतं, म्हणून तेलाचा हात अधूनमधून लागतो. लाकूड घ्याल तर राळ मुरवलेलं घ्या, कारण ते रोज पाण्याशी खेळणार आहे.

जुनं सेल्युलॉइड टाळा. ते म्हातारं झालं की विघटन पावतं आणि त्याच्या आम्ल वाफांनी आतलं पातं गंजतं. वरून मूठ ठीक दिसते आणि पात्यावर मुठीच्या आकाराचे डाग उमटतात. हस्तिदंताचा तर विचारच करू नका. आफ्रिकी हत्तींच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी आली, आणि हाडाची मूठ नीट घासली तर तितकीच देखणी होते.

प्रत्येक पट्टी ३ मिमीच्या आसपास पुरते. दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवून एकत्रच आकाराला आणा आणि भोकं एकदमच पाडा, नाहीतर पातं तिरकं बसतं. शेवटच्या टोकाला दोन्ही पट्ट्यांमध्ये पाचर येते. तिची जाडी कमी पडली की पातं मुठीत घट्ट अडकतं, जास्त झाली की सैल हलतं आणि धार मुठीला लागते.

रिवेट ठोकताना पट्टी चिरते. काय करू?

हातोडा लहान घ्या, गोल डोक्याचा, आणि घाव त्याहून लहान. १.६ मिमीची पितळी तार भोकातून घाला, दोन्हीकडे वायसर, आणि वायसरच्या वर तारेच्या व्यासाच्या निम्म्याहून जरा जास्त तार राहू द्या. जास्त ठेवलीत की ती भोकात वाकते, आणि शिंग किंवा लाकूड फुटतं ते बहुतेक तिथूनच. मग तारेच्या कडेकडेने गोल फिरत टिचक्या मारा, मध्यावर नाही. पाच-सहा टिचक्या झाल्या की उलटवा आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच. तार हळूहळू छत्रीसारखी पसरते. प्रत्येक फेरीनंतर पातं उघडून मिटून बघा. मिटताना ते बरोबर मध्ये जायला हवं आणि उघडताना हाताला थोडा विरोध जाणवायला हवा. तिथे थांबा.

पहिली धार कशी लावायची?

आधी दगड सपाट करा. त्याच्यावर पेन्सिलने चौकोन आखा आणि काचेवर चिकटवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासा, सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मग १००० नंबरच्या दगडावर काम सुरू. पातं सपाट, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, धार पुढे ठेवून, टाचेपासून, म्हणजे धारेच्या मानेकडच्या टोकापासून, पुढच्या टोकापर्यंत तिरकं नेत. परतताना पाठीवर पलटवा, धारेवर कधीच नाही.

नव्या वस्तऱ्याचं निम्म्याहून जास्त काम या पहिल्या दगडावरच असतं. धारेच्या उतारावर मार्करने काळं करा आणि चार हात मारा. काळं कुठे पुसलं, कुठे राहिलं हे पातं स्वतःच सांगेल. पाठीवर उमटलेला चमकता पट्टा दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीचा आहे का बघा. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर पातं वाकलेलं आहे किंवा घासणी मध्य सोडून गेलीय, आणि दगडावर ताकद लावून ते सुटत नाही.

उतार नीट बसला की दगडावरचं पाणी धारेपुढे साचत नाही, ती पाण्याखाली शिरते आणि पाणी पात्याच्या अंगावर चढतं. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा, कुठे चकाकणारा ठिपका दिसला तर ती जागा अजून बोथट आहे. हातावरचे केस सगळ्या लांबीवर सारखे निघू लागल्याशिवाय पुढच्या दगडावर जाऊ नका. मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, मग १२०००, आणि प्रत्येक दगडावर आधीच्या दगडाचे ओरखडे पूर्ण मिटेपर्यंत. वजन कमी करत करत शेवटी फक्त पात्याचंच वजन.

नंतर क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची बारीक पूड) लावलेल्या कापडी पट्ट्यावर थोडे हात, आणि साध्या चामडी पट्ट्यावर पन्नास-साठ. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताठ धरा. ढिला पट्टा धारेला गोल करतो.

दर धारेला पाठ आणि रुंदी दोन्ही थोड्या थोड्या झिजतात, आणि म्हणूनच बरोबर बांधलेला कोन वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो.

दुसऱ्या कुणासाठी बनवताना काय काय विचारू?

दाढी राठ आहे की मऊ. रोज करतो की आठवड्याने. उजव्या हाताचा की डाव्या, कारण नक्षी आणि नखाची खाच कुठल्या बाजूला हवी ते त्यावर ठरतं. हाताचा पंजा केवढा, त्यावर शेपटीची लांबी. आधी वस्तरा वापरलाय का. ज्याने कधी वापरलेला नाही त्याने कितीही आग्रह धरला तरी मी त्याला अतिपातळ पातं देणार नाही. आणि शक्य असेल तर त्या माणसाला दाढी करताना बघा. मनगट कसं वळतं ते पाच मिनिटांत कळतं, जे चार पत्रं लिहून कळत नाही.

अंगाला काय जपायचं?

फुप्फुसं आधी. पोलाद, शिंग, हाड, मायकार्टा, सगळ्यांची धूळ वाईट, साधा फडका पुरत नाही, बारीक कण अडवणारा फिल्टरचा मास्क लावा. तेलाच्या भांड्याला धातूचं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकण टाका, पाणी कधीच नाही.

सर्वांत धोक्याचं यंत्र म्हणजे पॉलिशचं कापडी चाक. काठ चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध गेला की ते पातं हिसकावतं आणि कुठेही फेकतं. धार लावण्याआधीच पॉलिश उरकून घ्या, पातं चाकाच्या मध्याखाली धरा आणि काठ नेहमी फिरण्याच्या दिशेने ठेवा. धार लागल्यावर रिवेट ठोकायची वेळ आलीच तर तिच्यावर दोन पदरी चिकटपट्टी लावूनच काम करा.

तयार झालेला वस्तरा गंजू नये म्हणून?

वापरल्यावर पुसा, मुठीच्या आतल्या बाजूनेही, कारण पाणी रिवेटपाशी लपतं. तासभर उघडा ठेवा. मग मिटा. बरेच दिवस वापरणार नसाल तर खनिज तेलाचा एक थेंब बोटाने पात्याभर पसरा. चामड्याच्या बंद पाकिटात ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं.